वडगावातलं मोठं जेवण

येशूनं सांगितलेला मोठ्या जेवणाचा दाखला मी रविवारच्या शाळेत असल्यापासून ऐकत आलो आहे. एका माणसानं मोठं जेवण केलं, पुष्कळांना आमंत्रण दिलं आणि ऐन वेळी सगळे सबबी सांगायला लागले. एकानं शेत घेतलं होतं, दुसऱ्यानं बैलांच्या पाच जोड्या, तिसऱ्याचं नुकतंच लग्न झालं होतं. यजमान रागावला. चाकराला म्हणाला, रस्त्यावरून, गल्लीबोळांतून गरीब, लंगडे, आंधळे, भेटतील त्यांना आण. माझं घर भरलं पाहिजे. मी हिशेबी माणूस, त्यामुळे माझी सहानुभूती कायम यजमानाकडे. जेवण तयार आणि माणसं नाहीत, तर राग येणारच. रस्त्यावरच्यांचं नशीब चांगलं, त्यांना उरलेलं मिळालं. एवढाच अर्थ मी लावला होता, गेल्या डिसेंबरपर्यंत.

आईच्या खुब्याचं हाड मोडलं होतं. शस्त्रक्रियेनंतर ती वॉकर धरून चालायला लागली, तेव्हा घरी उपकारस्तुतीची प्रार्थना ठरवली. आईची सगळी हयात निपाणीत गेली. वडील गेल्यावर आम्ही तिला बेळगावला, वडगावातल्या आमच्या घरी आणलं. गल्लीत सगळी विणकरांची घरं, दिवसभर मागांचा खडखडाट. तिला करमायचं नाही. "चालाय लागले की मी निपाणीला जाणार, इथं माझं कोण हाय?" हे रोज ऐकवायची. निपाणीच्या घराला कुलूप. तिथं ती एकटी कशी राहणार, या काळजीनं मला झोप नव्हती. माझा बेत साधा होता: तिची माणसंच इथं आणायची, म्हणजे हे घर तिला आपलं वाटेल.

कोल्हापूर-कागलकडचे तिचे भाऊ, भाचे, सुना, नातवंडं मिळून चौपन्न. आम्ही घरचे सहा. साठ माणसं, माणशी दीडशे ग्रॅम, म्हणजे नऊ किलो मटण. गल्लीलाही बोलवावं असं बायकोच्या मनात होतं, पण दिवस निघाला मार्गशीर्षातला गुरुवार. कागलला राहणाऱ्या, आईच्या चर्चच्या जुन्या पाळकांना तोच मोकळा होता. उपासाच्या दिवशी मटणाचं आवतण कुणाला देणार? गल्लीत दुसऱ्या दिवशी लाडू वाटायचे ठरलं.

त्या गुरुवारी दुपारी साडेचारला मामांचा फोन आला. "सीमेवर गाड्या अडवल्यात. कोगनोळीच्या नाक्यावरनं पुढं सोडंनात. संगट बायका-पोरं हाईत, पाळकबी हाईत. माघारी फिरतोय बघ."

सीमेचं वातावरण अधूनमधून असं तापतं, त्याचं आम्हाला नवल नाही. पण चुलीवर नऊ किलो मटण शिजत होतं. मी चपला घातल्या. "गल्लीत सांगून येतो."

"काय सांगणार?" बायको म्हणाली. "पाव्हणं आलं न्हाईत, उरलंय, जेवाय या?"

"दाखल्यात तसंच केलं की."

"दाखल्यातली रस्त्यावरची होती. ही आपली शेजारची हाईत. त्यांचा मान काय राहिला?"

मी चपला काढल्या. तिचं बरोबर होतं.

एवढ्यात वॉकरचा आवाज आला. आई फाटकाबाहेर पडली होती. ऑपरेशननंतर ती पहिल्यांदाच फाटक ओलांडत होती. मी मागे धावलो, तोवर ती समोरच्या घराच्या पायरीशी पोहोचली. आत तिच्याच वयाच्या आक्का पूजेचा कलश मांडत होत्या.

"आक्का, माझी माणसं नाक्यावरनं माघारी गेली गं," आई म्हणाली. "घर मोकळं पडलंय. प्रार्थनेला कोण न्हाई. येतीस का?"

जेवणाचा शब्द नाही. हातातलं तसंच टाकून आक्का बाहेर आल्या.

"अगं बाई, चालाय लागलीस की! आन् येतीस का म्हणून इचारतीस व्हय? पूजा झाली की येतो सगळी." मग मागच्या खोलीकडे तोंड करून लेकाला हाक मारली, "माग बंद कर रं! समोरच्या म्हातारीकडं जायचंय."

"म्हातारी कुणाला म्हणतीस? मी तुझ्यापेक्षा ल्हान हाय."

"वॉकर तुझ्या हातात हाय, माझ्या न्हाई!"

दोघी पायरीवरच हसत बसल्या. गल्लीतलं बाकीचं बोलावणं आक्कांनीच केलं.

सातला माणसं यायला लागली. एक्केचाळीसपर्यंत मी मोजली, पुढं पोरं इकडून तिकडं पळायला लागली आणि मोजणी बुडाली. कुणी रिकाम्या हातानं आलं नाही. नैवेद्याच्या पुरणपोळ्या प्रत्येक घरून आल्या. पाळकांच्या जागी मी प्रार्थना केली. शब्द अडखळले, तरी सगळ्यांनी हात जोडून ऐकली. मग बायकांनी आमच्या भात-खिरीवर उपास सोडला आणि आम्ही त्यांच्या पुरणपोळ्यांवर ताव मारला. मटणाच्या टोपाकडे बघून मी हिशेब करत होतो, तेव्हा आक्कांचा लेक कानाशी येऊन म्हणाला, "अण्णा, उकळी काढून झाकून ठिवा. उद्या आमी हाय की!" शुक्रवारी नऊच्या नऊ किलो संपलं. मला रस्सासुद्धा मिळाला नाही.

तो दाखला आता मला वेगळा दिसतो. देवाकडे भरपूर आहे आणि आपण रस्त्यावरचे, त्याचं उरलेलं खाणारे, असं मी धरून चाललो होतो. पण घर रिकामं आहे हे ज्याला सलतं, गरज त्याचीही असते. जो येतो तो नुसता जेवत नाही, यजमानाचं घर भरतो. दाखल्यात लंगडे पाहुणे आहेत. आमच्याकडे यजमानच लंगडत दारात गेली. आणि ज्याच्या पायांत खिळे ठोकले गेले, तो आपल्या दारात येतो तेव्हा काही ऐटीत चालत येत नसणार.

चार दिवसांनी मामांचा पुन्हा फोन. रस्ता मोकळा झालाय, ऐतवारी सगळे येतो. मी फोन आईकडे दिला.

"या की," आई म्हणाली. "पण ह्या ऐतवारी नको रं. समोरच्या आक्काच्या पणतीचं बारसं हाय. मला सकाळधरनं तिथं बसाय लागतंय. पुढच्या ऐतवारी या."

दाखल्यातल्या पाहुण्यांसारखीच सबब. बायको माझ्याकडे बघून तोंडाला पदर लावून हसत होती.