पुस्तकांचे टेकू

आमच्या पुसदच्या घरी बैठकीत काचेचे शोकेस आहे आणि त्यात यजमानांची सन्मानचिन्हे दाटीवाटीने उभी आहेत. निवृत्त अधिकारी हा प्रमुख पाहुणा म्हणून फार सोयीचा असतो: वेळेवर येतो, लांबलचक बोलतो आणि एका लाकडी पाटीवर खूश होतो. पाटीवर लेसरने जाळून उमटवलेला त्याचा चेहरा असतो. यजमानांचा चेहरा बहुतेक पाट्यांवर एखाद्या फरारी इसमासारखा उतरला आहे. परंतु हे मी कधी बोलले नाही. मी एकूणच फारसे बोलत नाही.

शोकेसच्या शेजारी, उघड्या फळीवर माझी पुस्तके आहेत. फळीला बाजू नसल्याने ती घसरत आणि एखाद्या दुपारी धाडकन खाली येत. गेल्या उन्हाळ्यात यजमानांनी जाहीर केले, "घराला रंग दिला की हे सगळं माळ्यावर. इथं दुसरं शोकेस बसवू."

"अहो, मी रोज वाचते त्यातलं."

"मग माळ्यावर जाऊन वाच नं. कोण नाही म्हणते?"

माझे गुडघे शिडी चढू शकत नाहीत, हे त्यांना पुरते ठाऊक होते.

तेव्हा मी पुस्तकांच्या रांगेच्या दोन्ही टोकांना लावायचे दोन टेकू आखायला बसले. जन्मभर महाविद्यालयात शिकवले, पण वापरण्याजोगी वस्तू कधी घडवली नव्हती. एक उभी पाटी आणि तिच्या खाचेत बसणारी पातळ तळपाटी. तळपाटी पुस्तकांखाली सरकवायची, म्हणजे पुस्तकांच्याच वजनाने टेकू जागचा हलणार नाही. पुठ्ठ्याचा नमुना करून पाहिला, तो टिकला. मग सन्मानचिन्हांच्या दुकानात गेले, कारण लेसरचे यंत्र तिथेच होते.

दुकानदाराने माझा कागद उलटसुलट करून पाहिला. "मॅडम, फोटो कुठं टाकायचा?"

"फोटो नको."

"मंग नाव?"

"नावही नको. पुस्तकं टेकवायची आहेत."

"म्हणजे पुस्तकाईचा सत्कार आहे म्हणा नं!" दुकानातले सगळे हसले. "एखादा मोर टाकू का? मोर फ्री आहे."

मी नको म्हणाले, पण बहुधा ते मलाच ऐकू आले असावे.

दुसऱ्या दिवशी टेकू तयार होते. कडा काळ्या, वास जळक्या लाकडाचा, खाचा मात्र घट्ट. मोर नव्हता. दोन्हींवर वळणदार अक्षरांत कोरले होते: 'सप्रेम भेट'.

"हे कशाला?" मी विचारले.

"त्याच्याबिना खालीखाली दिसून राह्यलं होतं, मॅडम. पैसे नाही लावले त्याचे."

त्या यंत्रातून त्या दोन शब्दांवाचून काही बाहेर पडतच नसावे. घरी येऊन टेकू मेजावर ठेवले आणि चहा करायला आत गेले. परतले तो ते शोकेसच्या पहिल्या रांगेत विराजमान झाले होते. यजमान भारावून गेले होते.

"तुझाही सत्कार झाला? सांगितलं नाही ते! कोणत्या मंडळानं केला?"

"कोणीच नाही केला. मी बनवून आणले ते, पुस्तकांसाठी."

"असू दे. लोकाईले काय समजते!"

या माणसाला मी इतकी वर्षे विद्वान समजत आले होते. किल्ली कुलपालाच होती. मी शोकेस उघडले आणि टेकू बाहेर काढले. कोपराचा धक्का लागून त्यांचा एक चेहरा पालथा पडला. तो मी तसाच राहू दिला. अक्षरे पुस्तकांकडे करून दोन्ही टेकू फळीवर बसवले आणि पुस्तकांची रांग हाताने ढकलून पाहिली. ती तसूभर हलली नाही.

"अगं, उलटं लावलंस. नाव आत गेलं."

"नाव नाहीच त्यावर," मी म्हणाले.

त्याच आठवड्यात सुतार दुसऱ्या शोकेसचे माप घ्यायला आला. यजमान आतून चप्पल शोधत येईपर्यंत मी त्याला दारातूनच सांगितले की इथे जागा नाही. आवाज बऱ्यापैकी मोठा निघाला.