हिंगणघाटच्या स्टँडवरचा फोटो

हे मी घरातसुद्धा कोणाला सांगितलेलं नाही. तुम्हालाच पहिल्यांदा सांगतेय.

जनगणनेच्या प्रचाराचे फलक करायचे होते. मी वर्ध्याला शाळेत चित्रकला शिकवते, म्हणून समितीत माझं नाव घातलं. कोणीही सुटू नये, हा आमचा सगळ्यांचा आग्रह. म्हातारी माणसं, तांड्यावरचे लोक, ज्यांना दिसत नाही, ऐकू येत नाही ते — सगळे फलकावर दिसायला हवेत. बैठकीत कोणीतरी म्हणालं, चित्रं नकोत, खरी माणसं घ्या. मला लगेच शीतल आठवली.

शीतल माझी जुनी विद्यार्थिनी. वडनेरची, घरी भाजीपाल्याची शेती. कानाला मशीन लावते, तरी निम्मं बोलणं समोरच्याच्या ओठांवरूनच समजून घेते. हिंगणघाटला साडीच्या दुकानात काउंटरवर असते — मशीन केसांखाली झाकलेलं, त्यामुळे तिथे कोणाला पत्ता नव्हता. फोटो काढताना मीच तिला केस मागे बांधायला लावले. मशीन दिसायला हवं होतं ना. ती एवढंच म्हणाली, "हिंगनघाटले नका लावू मॅडम. दुकानात कोनाले मालूम नाई."

मी शब्द दिला.

फोटो समितीत आवडला. फारच आवडला. समितीच्या साहेबांनी सगळ्यांसमोर माझं नाव घेतलं — असं कोणी शेवटचं कधी घेतलं होतं? मग फलक कुठे कुठे लागणार ते वाचून दाखवायला लागले. हिंगणघाटचा बसस्टँड आला. तेव्हाच बोलायचं होतं. पण बोलले असते तर कारण विचारलं असतं, कदाचित फोटोच बदलला असता — मी पाण्याचा ग्लास उचलला. गडबडीत विसरले, असं स्वतःला किती वेळा सांगून पाहिलं. विसरले नव्हते.

फलक लागला, आणि त्याच आठवड्यात मालकाने तिला काउंटरवरून उठवून मागे गोदामात साड्यांच्या घड्या घालायला बसवलं. गिऱ्हाइकाला दोनदा बोलावं लागेल, म्हणाला.

ती सुट्टी काढून माझ्याकडे आली. फोटो तिथं कसा गेला, एवढंच विचारलं. रागावली असती तर मी खरं बोलले असते का? नाही वाटत. तिच्याशी बोलायचं तर तोंड समोर ठेवावं लागतं, सावकाश बोलावं लागतं. मी तसंच बोलले. फलक लावणारा माणूस चुकला, मी त्याला हिंगणघाट सोडायला सांगितलं होतं — एकेक शब्द तिला नीट दिसेल असा.

तिने मान हलवली. पिशवी उचलत म्हणाली, "घरी गिनतीवाले आलते मॅडम. म्या सांगतलं, आमच्या घरी सगळ्याईले आयकू येते."

मग दारात चपला घालता घालता थांबली. "त्या मानसाले काई बोलू नका. त्याचं काम जाईन."

मी बरं म्हणाले.