बैलाच्या दाव्याची कडी

‘चालते नं’ हे दोन शब्द ऐकले की आजही माझं डोकं सणकतं.

मी तेव्हा अकोल्यात एका इंजिनिअरिंग कॉलेजात वर्कशॉप इन्स्ट्रक्टर होतो. त्या वर्षांत आमचा वऱ्हाड रोज पेपरात यायचा, शेतकऱ्यांच्या आत्महत्यांसाठी. अशा दिवसांत पोरांनी रॉकेट करायला घेतलं. माणसाच्या उंचीचं, आठ किलोचं, अर्धा किलोमीटर वर जाऊन पॅराशूटनं खाली येणारं. उडवायची जागा म्हणजे पातूर रोडवरचं एक पडीक वावर. चारी बाजूंनी कपाशी आणि दिवस वेचणीचे, म्हणजे खाली माणसं असणारच. मी पोरांना पहिल्याच दिवशी सांगितलं, “वर जायचं तुमी पाहा, खाली येयाचं मी पाहतो.”

खाली येताना रॉकेट गरगर फिरतं. त्याची दोरी आणि पॅराशूटच्या दोऱ्या यांच्यामध्ये सुटी फिरणारी कडी नसेल, तर दोऱ्यांना पीळ पडून छत्री मिटते. पोरांनी मासे धरायच्या गळाच्या कड्या आणल्या. बोटांत धरल्या की छान फिरायच्या, दहा किलो लटकवले की ठप्प. भार पडल्यावर जी फिरत नाही ती कडी काय चाटायची आहे? शिवाय छत्री उघडताना जो हिसका बसतो तो वजनाच्या कितीतरी पट असतो. तेवढ्यात त्या तुटल्याच असत्या.

आमच्याकडे बैलाच्या दाव्याला भोवरकडी असते. बैल खुंट्याभोवती कितीही फिरला तरी दाव्याला पीळ पडत नाही. अडलेलं काम तेच होतं. मी जुन्या शहरातल्या लोहारचाचांकडे गेलो.

“बैलच बिक रहे भाऊ, भोवरकडी कौन लेता अब?” चाचा म्हणाले. पण कशासाठी हवी ते सांगितल्यावर भट्टी पेटवली. चांगल्या पोलादाची, अंगठ्याएवढी कडी घडवली. मग आम्ही तिला त्यांचीच ऐरण लटकवली, वीतभर उचलून सोडली, तीनदा सोडली, आणि लटकती ऐरण हातानं फिरवली. कडी मुकाट फिरत राहिली. चाचांनी पैसे घेतले नाहीत. म्हणाले, “उडेगा तब बताना.”

उडवायच्या दिवशी मंडप, हार, नारळ, सगळा थाट. अमरावतीहून मोठे पाहुणे येणार होते. त्यांना दाखवायला पॅराशूट टेबलावर उलगडून ठेवलं होतं. मी सहज पाहिलं आणि उडालोच. माझी काळी कडी गायब, तिच्या जागी कुत्र्याच्या साखळीची चकचकीत कडी. वरून मुलामा, आत ओतीव जस्त. असली कडी हिसक्याला बिस्किटासारखी तुटते.

मी विभागप्रमुखांना बाजूला घेतलं.

“सर, ही कोनं बदलवली?”

“मीच. अमरावतीहून आणली. आधीच आपला भाग पेपरात कावून गाजून राहिला, मालूम आहे नं तुमाले? पाहुण्याच्या फोटोत बैलाचं दावं दाखवता काय?”

“सर, हे तुटन. खाली बाया वेचून राहिल्या.”

“एका कडीनं काय होते? चालते नं. पाहुणे आले, आता तमाशा नोका करू.”

या माणसाला बैलाची लाज वाटत होती! ज्या मातीवर त्याचा मंडप उभा होता तिचीच लाज. मला त्याची कॉलर धरावीशी वाटली. धरली नाही. माझी नोकरी कंत्राटी होती, दर वर्षी याच माणसाच्या शिफारशीवर पुढे सरकायची. मी मंडपाच्या कडेला जाऊन उभा राहिलो, हात मागे बांधून.

पाहुण्यांनी बटण दाबलं. रॉकेट सरळ वर गेलं, ठिपका झालं, आणि भगवी छत्री उघडली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. छत्री रिकामीच तरंगत होती हे टाळ्या वाजवणाऱ्यांना कळलं नाही. मला कळलं. मी कपाशीकडे धावत सुटलो, ओरडत, “बाया हो, पळा!”

रॉकेट हातभर जमिनीत घुसलं होतं. त्यापासून दोन पावलांवर एक बाई उभी होती. ओटीतला कापूस सगळा पायाशी सांडलेला. इतर बाया लांबून पाहत होत्या. मागून प्रमुख येत होते, तोंडानं “काही नाही झालं, काही नाही झालं” चालूच.

बाईनं त्यांच्याकडे पाहिलंच नाही. मला विचारलं, “भाऊ, तुमाले मालूम होतं, म्हून तुमी पयत आले?”

त्या प्रमुखाचा राग आला होता तसा जन्मात कुणाचा आला नव्हता. पुढच्या क्षणी मात्र माझा मलाच त्याहून जास्त आला, कारण मी म्हणालो, “नाई वं माय. वारा होता.”

भोवती कपाशीचं एक पानही हलत नव्हतं, आणि ती बाई त्या पानांकडेच पाहत होती.