गाडीला आवाजच नाही

आमच्या भावोजींना वेगात गाडी चालवल्याबद्दल पोलिसांनी पकडलं, हे ऐकून गल्लीतला न्हावी गिऱ्हाइकाची अर्धी दाढी तशीच टाकून दारात आला. "कोणाला? मास्तरांना? काहीतरीच काय सांगता!" त्याला गाडी भावोजींनीच शिकवलेली. शिकताना 'सावकाश' हा शब्द त्याच्या कानावर इतका आदळला की तेव्हापासून तो वस्तरासुद्धा सावकाश चालवतो, असं लोक म्हणतात.

भावोजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. ड्रायव्हिंग स्कूलचे मालक तेच, मास्तर तेच, आणि गाडी धुवायला माणूस आला नाही तर धुणारेही तेच. मी त्या स्कूलच्या ऑफिसात बसते. फोन घेते, शिकणाऱ्यांच्या वेळा लावते, रडत आलेल्यांना पाणी देते. रडणारे पुष्कळ, कारण भावोजींची शिकवण्याची तऱ्हा जगावेगळी. शिकणाऱ्याचा हात जरा बसला की ते खिशातला रुमाल काढून वेगाच्या काट्यावर टाकायचे. "डोळे रस्त्यावर, कान इंजिनावर. गाडी बोलते. ओरडायला लागली की गिअर वर, कण्हायला लागली की गिअर खाली. काटा कसला बघताय? भाजी करताना घड्याळ बघता का?" शेजारच्या सीटवरून त्यांना स्वतःला काटा तसाही धड दिसत नसे. अख्खी हयात त्या सीटवर गेली, पायाखाली जादाचा ब्रेक आणि कानात इंजिन. पण त्यांच्या हाताखालच्या माणसाने कधी कोणाला साधं खरचटवलं नाही. मीही त्यांचीच विद्यार्थिनी, आणि मीही आजतागायत आवाजावरच चालवते.

तर झालं असं. भाची दूरच्या शहरात राहते. जावयाने नवी गाडी घेतली म्हणून ताई आणि भावोजी चार दिवस तिच्याकडे गेले. जावयाने हौसेने किल्ली सासऱ्यांच्या हातात दिली आणि स्वतः शेजारी बसून फोनवर कोणाशी तरी बोलत राहिला. रस्ता शाळेवरून जाणारा, वेळ शाळा सुटायची. फाटकाच्या थोडं पुढे पोलिसाने हात केला आणि यंत्रावरचा आकडा दाखवला. तिथे जेवढा वेग चालतो त्याच्या जवळजवळ दुप्पट. भावोजी उलट त्याच्यावरच उखडले. "तुमचं यंत्र बिघडलंय, साहेब. मी गाडी शिकवतो, मला वेग कळत नाही का?"

यंत्र बिघडलेलं नव्हतं. साधा दंड असता तर भरून मोकळे झालो असतो. पण शाळेसमोरचा गुन्हा, त्यातून चालवणाऱ्याकडे दुसऱ्याला शिकवण्याचा परवाना. त्यामुळे त्याच शहरात दंडाधिकाऱ्यांसमोर जातीने हजर राहायचं, आणि शिकवण्याचा परवाना राहतो की जातो ते तिथे ठरणार. आणि तो गेला तर भावोजींचं राहतं काय? त्यांना पत्ते येत नाहीत, बागेत मन रमत नाही, चारचौघांत बसले तर पाच मिनिटांत उठतात. सुटीच्या दिवशीसुद्धा ते गाडीत जाऊन बसायचे, आणि तेही शेजारच्या सीटवर.

घरी आल्यापासून त्यांचं एकच पालुपद. "त्या गाडीला आवाजच नाही! आवाज नाही तर माणसाला वेग कळणार कसा? हल्ली गाड्या बनवतात की पाळणे?" जो भेटेल त्याला हेच. ऐकणारा हसायचा आणि मान डोलवायचा. त्यांची एक जुनी विद्यार्थिनी आता वकील आहे. ती म्हणाली, "मास्तर, तिथेही अगदी हेच सांगा. इतक्या वर्षांचं स्वच्छ नाव, नवी बिनआवाजाची गाडी, आणि तुमची कानावर चालवायची सवय. ताकीद देऊन सोडतील बघा." आमचा जीव भांड्यात पडला. ताई तेवढी काही बोलली नाही. पण ताई अलीकडे बोलायचीच कमी. गुडघे दुखतात म्हणून असेल, असं मी धरून चालले होते.

तारखेला मीही त्यांच्याबरोबर गेले. बसस्टँडवर जावई घ्यायला आला. भावोजी त्याच्या शेजारी बसले, मी आणि ताई मागे. जावयाने किल्ली फिरवली.

गाडी सुरू झाली, आणि सुरू झाल्याचं मला अगदी व्यवस्थित ऐकू आलं. चांगला भरघोस आवाज होता. पुढे चढ लागला तशी ती घुमायला लागली. माझा हात आपोआप गिअर शोधू लागला, कारण कान मला सांगत होते की आता बदलायला हवा. जावई आरशातून माझ्याकडे बघत म्हणाला, "डिझेल आहे ना मावशी, जरा आवाज करतेच. बाबा कशाला बिनआवाजाची म्हणतात कोण जाणे." त्याच्या हाताएवढ्या अंतरावर बसलेल्या भावोजींनी मानही वळवली नाही. ते खिडकीबाहेर बघत होते, आणि थोड्या वेळाने कौतुकाने म्हणाले, "बघ धाकटे, आहे का आवाज? पाण्यासारखी चाललीय."

मी ताईकडे पाहिलं. ताई स्वतःच्या हातांकडे बघत होती. मागच्याच आठवड्यात एक शिकाऊ मुलगी ऑफिसात येऊन म्हणाली होती की मागून ट्रक हॉर्नवर हॉर्न देत होता आणि सर म्हणत होते, आरामात वळव, मागे कोणी नाही. मी तिला पाणी दिलं होतं.

कोर्टाच्या इमारतीत एक लांब बोळ होता. दोन्ही भिंतींना बाकं, बाकांवर माणसं खेटून बसलेली. भावोजी जरा पुढे जाऊन बोलायचं ते पुटपुटत घोकत होते. मी ताईला कोपऱ्यात धरलं.

"तुला माहीत होतं?"

"नवरा आहे माझा. मला नाही तर कोणाला माहीत असणार?"

"आणि तू गप्प बसलीस? अगं, लोकांची पोरं बसतात त्यांच्याबरोबर गाडीत!"

"बोलले होते एकदा, कान दाखवून येऊ म्हणून. दोन दिवस जेवले नाहीत. म्हणाले, माझ्या कानांवर या घराचं सगळं उभं आहे, तू त्यांनाच नावं ठेवतेस?" ताईने पदराने नाक पुसलं. "आज सुटू दे त्यांना. मग मी बघते काय ते."

आज सुटले की उद्या ते पुन्हा त्या सीटवर बसणार होते आणि ताई काही बघणार नव्हती. मला दोघांचाही भयंकर राग आला. रडूही येत होतं, पण राग जास्त होता. मी तडक भावोजींजवळ गेले आणि शेजारच्याला ऐकू जाऊ नये म्हणून हळूच म्हणाले, "भावोजी, त्या गाडीला आवाज आहे."

"काय?"

"गाडीला आवाज आहे, भावोजी."

"अगं नीट बोल ना. तोंडातल्या तोंडात काय बोलतेस?"

जी गोष्ट कानात सांगायची, ती त्यांना कानात सांगण्याची सोयच राहिली नव्हती. मी आवाज चढवला, आणि एकदा चढवल्यावर तो माझ्या ताब्यात राहिला नाही.

"गाडीला आवाज आहे! आम्हाला सगळ्यांना येतो! तुम्हाला ऐकू येत नाही, भावोजी! तुम्हाला!"

बाकांवरची माणसं आमच्याकडे बघायला लागली. एका म्हातारीने नजर खाली घातली. जावई पाण्याची बाटली हातात धरून तसाच उभा राहिला. भावोजींनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग ताईकडे, बराच वेळ. ताईने 'नाही' म्हणावं म्हणून ते वाट बघत होते. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. एवढा रुबाबदार माणूस, पण बाकावर टेकताना त्यांनी हाताने बाक चाचपला. मला वाटलं, जीभ झडली असती तर बरं झालं असतं.

पुकारा झाला तेव्हा ते उठले नाहीत. दुसऱ्यांदा झाला तरी नाहीत. ताईने खांद्याला हात लावला तेव्हा उठले.

दंडाधिकारी बाई वयाने माझ्याएवढ्या असतील. कागद चाळून त्या चांगल्या सुरात म्हणाल्या, "इतकी वर्षं शिकवता, एकही तक्रार नाही. गाडी नवी होती, तिचा अंदाज आला नसेल. असंच ना?" जे सांगायला एवढ्या लांब आलो, ते त्यांनीच ताटात वाढून दिलं होतं. भावोजींनी फक्त 'हो' म्हणायचं होतं.

पण त्यांना प्रश्नच ऐकू गेला नव्हता. ते बाईंच्या ओठांकडे बघत राहिले, मग मागे वळून त्यांनी मला शोधलं. मी उभी राहिले आणि मोठ्याने, एकेक शब्द तोडून तो प्रश्न त्यांना सांगितला. शेवटच्या "असंच ना?" सकट.

भावोजींनी घसा खाकरला. "नाही बाई. गाडीला आवाज आहे. मला तो येत नाही. मला वाटायचं, नव्या गाड्याच गप्प झाल्यात." मग म्हणाले, "शाळा सुटत होती हो. पोरं ओरडत असतील. मला काही ऐकू आलं नाही."

बाईंनी पेन खाली ठेवलं. दंड झाला, आणि कानांची तपासणी होऊन डॉक्टर सांगेपर्यंत शिकवण्याचा परवाना जमा करायचा हुकूमही झाला. डॉक्टर काय सांगणार ते तिथे आम्हा चौघांनाही ठाऊक होतं.

बाहेर आल्यावर जावई गाडी आणायला गेला. पायऱ्यांजवळच्या कट्ट्यावर भावोजी बसले आणि त्यांनी ताईला हाताला धरून शेजारी बसवलं. मी पलीकडे उभी राहिले. माझ्याशी ते बोलतील की नाही, याचीही मला खात्री नव्हती.

"कधीपासून?" त्यांनी ताईला विचारलं.

ताई काहीतरी म्हणाली. मला नीटसं ऐकू आलं नाही, इतक्या खालच्या आवाजात. गेली काही वर्षं ती त्यांच्याशी अशीच बोलत आली होती. ऐकू गेलं तर गेलं, नाही तर सोडून द्यायचं.

"मला कळलं नाही," भावोजी म्हणाले. हे वाक्य त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकत होते. त्यांनी कानामागे हात धरला आणि ते तिच्याकडे वाकले. "मोठ्याने सांग. मधल्या काळात काय काय बोललीस, सगळं सांग. मी इथेच बसलोय."

ताईने तोंड उघडलं. पण नवऱ्याशी मोठ्याने बोलायची तिची सवयच गेली होती, आणि कुठून सुरुवात करावी हे तिला कळेना. ती तशीच, तोंड उघडं ठेवून, रडायला लागली.