सव्वीस पानांची भिंत

कादंबरीत काही घडतच नाही, हे मी दिग्दर्शकाला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. नायक नोकरी सोडतो, खोलीत बसतो आणि सव्वीस पानं समोरच्या भिंतीकडे बघत विचार करतो. “अरे, लोक तिसऱ्या मिनिटाला समोसे आणायला उठतील,” मी वैतागले. पण कॉलेजपासूनचा हा माझा मित्र हट्टाला पेटला होता. शेवटी मी पटकथा लिहायला बसले.

कादंबरीचे हक्क लेखकाच्या मुलीकडे होते. डोंबिवलीतल्या निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांनी अट घातली, “बाकी वाट्टेल ते कापा. भिंतीचं प्रकरण जसंच्या तसं हवं. मला पटलं नाही, तर सिनेमा कुणालाही दाखवायचा नाही.” दोन वर्षांची मेहनत एका भिंतीवर येऊन ठेपली.

कादंबरीच्या काळातली, साठ-सत्तर वर्षांपूर्वीची भिंत शोधत आम्ही ठाण्यापासून निघालो. जिथे जावं तिथे टाइल्स! अखेर मोहने गावाजवळ एका आगरी मावशींच्या जुन्या घरात ती सापडली. चुन्याचे पोपडे, ओल, खिळ्यांची भोकं. दिग्दर्शक तिच्यासमोर इतका वेळ खिळून राहिला, की याला चक्कर आलीय असं वाटून मावशी पाणी घेऊन आल्या.

शूटिंगच्या सकाळी दारातच ऑइल पेंटचा वास आला. भिंत गुलाबी झाली होती. वर हिरवी पट्टीही होती.

“तुमी एवरी मानसा येनार, नि भिंतीचं पोपडं सुटलेलं,” मावशी म्हणाल्या. “मना लाज वाटली. लग्नाला देतो तसा रंग दिला. चांगला झाला ना?”

माझ्या तोंडाशी भलतंच काही आलं होतं. तेवढ्यात त्यांच्या नखांतला गुलाबी रंग दिसला. मावशींनी स्वतःच्या हातांनी भिंत रंगवली होती.

“झकास झालाय, मावशी,” मी म्हटलं. दिग्दर्शकाने माझ्याकडे खाऊ की गिळू असं पाहिलं.

खरवडायची कुणाचीच हिंमत नव्हती आणि नटाची तारीख तेवढ्या एकाच दिवसाची होती. मी म्हटलं, “भिंत दाखवूच नकोस. भिंतीच्या जागी कॅमेरा ठेव.” तो दहा मिनिटं माझ्यावर ओरडला, मग त्याने तेच केलं. पडद्यावर फक्त नटाचा चेहरा राहिला. कॅमेरामनचा शर्ट मात्र पाठीमागून कायमचा गुलाबी झाला.

डोंबिवलीतल्या एका लहानशा हॉलमध्ये मुख्याध्यापिका बाईंना सिनेमा दाखवला. मावशीही ठेवणीतलं लुगडं नेसून, सुनांना घेऊन आल्या होत्या. तो प्रसंग सुरू झाला आणि मावशींनी सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, “माजी भिंत कुठं गेली?”

सिनेमा संपून दिवे लागले, तरी बाई जागच्या हलल्या नाहीत. मी माफी मागायला सुरुवात केली. त्यांनी हातानेच मला थांबवलं.

“बाबा रोज संध्याकाळी असेच बसायचे, भिंतीकडे तोंड करून,” त्या म्हणाल्या. “आम्ही भावंडं मागे अभ्यास करायचो. हाक मारायची बंदी होती. आम्हाला त्यांची फक्त पाठ दिसायची. तेव्हा त्यांचा चेहरा कसा असेल, याचा मी आयुष्यभर विचार केलाय.”

त्यांनी पदराने डोळे टिपले.

“तेवढा भाग पुन्हा लावाल का?”