दादू मिस्त्रींचा पंखा

आमच्या कारखान्यातली चार-पाच टाळकी दर रविवारी दादू मिस्त्रींच्या घरी पुढच्या सोप्यावर चहाला जमायची. लेथवर मिस्त्रींचा हात धरणारा उद्यमनगरात कुणी नव्हता, तेव्हा किस्से खरं तर लेथचे साठायला हवे होते. साठले ते सगळे त्यांच्या स्वयंपाकघरातल्या एका पंख्याचे!

*

मिस्त्रींची बायको शांताकाकी चुलीच्या धुरानं सारखी खोकायची. मिस्त्रींना ते बघवेना. धूर बाहेर काढणारा पंखा त्यांनी घरीच बनवला. मोटर मोडीतल्या कडबा कापायच्या यंत्राची, पाती तेलाच्या पिंपाचा पत्रा कापून केलेली. भिंतीला भोक पाडून बसवला आणि आम्हा सगळ्यांसमोर बटण दाबलं. मोटर उलटी फिरत होती. बाहेरचा धुरळा सगळा घरात!

"बघा," मिस्त्री म्हणाले, "गल्ली वडून घ्यायलाय. ताकद हाय की न्हाय?"

*

मोटर सुलटी झाली, पण आवाज काही कमी होईना. पंखा सुरू झाला की समोरच्या घरातली भांडी हलायची. शेजारी तक्रार घेऊन आले की मिस्त्री अगदी मनापासून विचारायचे, "आवाज? कुठला आवाज?"

जन्म कारखान्यात गेलेला. त्यांना खरंच ऐकू येत नसावा.

*

थोरल्या मुलीला बघायला कागलचे पाहुणे आले. आत पोहे चालले होते, पंखा जोरात. मुलाच्या वडिलांनी कान टवकारून विचारलं, "मिस्त्री, पिठाची गिरण घरचीच काय?"

"व्हय पावणं," मिस्त्री छाती काढून म्हणाले. "समदं घरचंच. ह्या हातानं केलेलं."

लग्न जमलं. पहिल्या दिवाळसणाला जावई सायकलवर जोंधळ्याचं दळण घेऊन आला.

*

शेजारच्या हौसाक्काजवळ नवऱ्याची गाऱ्हाणी सांगायची असली की काकी आधी पंख्याचं बटण दाबायची. मग दोघी एकमेकींच्या कानाशी ओरडून बोलायच्या आणि सोप्यावर आम्हाला एक अक्षर कळायचं नाही. चूल विझलेली असली तरी पंखा सुरू. मिस्त्री आम्हाला कौतुकानं सांगायचे, "तिचा जीव हाय बघा त्या पंख्यावर. घटकाभर बंद ठेवत न्हाय."

*

काकीचा खोकला मात्र वाढतच गेला. डॉक्टरांनी धुरापासून जपायला सांगितलं. आमच्यातल्या इस्माईल वायरमननं दुकानातून नव्या पद्धतीचा एक्झॉस्ट फॅन आणला, तर मिस्त्रींनी आम्हाला चहा विचारणंच बंद केलं. मग एका सकाळी काकी खोकत खोकत उंबऱ्यातच बसली. मिस्त्री पाना घेऊन आले. जुना पंखा त्यांनी स्वतः उतरवला, पुसला आणि पोत्यात गुंडाळून खाटेखाली ठेवला. मला फार वाईट वाटलं.

इस्माईलनं नवा बसवला.

"आता चालू कर की," मिस्त्री म्हणाले.

"चालूच हाय, मिस्त्री."

मिस्त्रींनी बिडी पेटवून जवळ धरली. धूर सरळ बाहेर गेला. ते बिडीकडे बघत म्हणाले, "जोर कमी हाय."

*

पुढचा रविवार. आम्ही सोप्यावर, मिस्त्री बशीत चहा ओतत होते. हौसाक्का आत गेली. बटण दाबल्याचं ऐकू आलं आणि काकी सवयीनं ओरडूनच बोलायला लागली.

"ह्यो बरा वडतोय बघ हौसाक्का. त्या जुन्यानं कवा चिमूटभर धूर वडला न्हाय. नुसता आवाज. इतकी वर्सं धूर गिळला मी. पर माझ्यासाठी जीव लावून केलता गं ह्येंनी. कसं सांगायचं माणसाला?"

सोप्यावर शब्दन् शब्द ऐकू आला. इस्माईल आपल्या चपलेचा अंगठा बघत बसला. मिस्त्रींनी बशी खाली ठेवली. आतल्या भिंतीकडे एकदा बघितलं.

"इस्माईल," ते म्हणाले, "ह्येचा आवाज लई हाय बघ."