नवरी छे?

मी लिहावं एवढं माझं वाचन नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच, यंदा शेवटचं वर्ष. शुद्धलेखन चुकेल, माफ करा. पण हे दुसरं कुणी लिहिणार नाही.

लिंबायत, गुजरातेतली आमची वस्ती. तिथं कॉर्पोरेटरचं ऑफिस. मी दहावीत होते. फीमाफीसाठी उत्पन्नाचा दाखला हवा, म्हणून आईबरोबर गेले. बाप आदल्या वर्षी वारला होता. आई घरी बसून साड्यांना लेस लावायची, बाहेर फारशी पडत नसे. कॉर्पोरेटर धुळ्याकडचाच, आमच्यासारखीच अहिराणी बोलणारा. पण खुर्चीत बसला की गुजराती. आईला म्हणाला, "बेन, नवरी छे?"

आईने पदर सावरला. मान खाली घालून म्हणाली, "नही भाऊ. मना मालक वारी गयात."

सगळं ऑफिस हसलं. गुजरातीत नवरी म्हणजे रिकामी, मोकळी. तो विचारत होता, वेळ आहे का. आईला ते माहीत नव्हतं. त्याला दोन्ही अर्थ माहीत होते, आणि सगळ्यांत जास्त तोच हसला. मग मराठीत म्हणाला, "मोकळी असशील तर एवढे कप विसळून टाक."

आईने सगळ्यांचे कप विसळले. मला गुजराती येत होती. मी गप्प उभी राहिले. त्याची लाज अजून जात नाही.

आम्हाला दाखला मिळाला आणि त्याला किस्सा. गणपतीच्या मांडवात, हळदीकुंकवाला, जिथं माइक मिळेल तिथं सांगायचा. "आपल्या बायका किती भोळ्या!" तो पालिकेच्या कमिटीचा चेअरमन झाला, पुढे विधानसभेचं तिकीट मिळालं. किस्सा रंगतच गेला. कपांचं मात्र कधी नाव नाही.

प्रचारात त्याने कॉलेजातल्या मुलामुलींचा सत्कार ठेवला. मी स्टेजवर, आई खाली सतरंजीवर. त्याने किस्सा सुरू केला. लोक हसले. आईही हसली. ती बाई आपणच, हे कुणी ओळखू नये म्हणून हसली.

तिथं माझं डोकं फिरलं. उठून माइकपाशी गेले.

"ती बाई माझी आई आहे. तुम्ही तिला कप विसळायला लावले, तेवढंही सांगा ना."

माइकवर हात ठेवून तो हळूच म्हणाला, "बेटा, गंमत होती ती. बस खाली."

"नाही बसत."

सत्काराची शाल खुर्चीवर टाकली आणि उतरले.

घरी आई चिडली. "आते दाखला कोन दी आपले?"

दाखल्यासाठी किती वर्षं हसायचं, आई?

आज शेजारचे रिक्षावाले काका बातमी घेऊन आले. तो निवडून आला. आमदार झाला. इथली कॉर्पोरेटरची जागा सोडणार, पोटनिवडणूक लागणार, तिकीट त्याच्या पुतण्याला. "पोरी, आता त्यांच्याशी वाकडं घेऊ नको," काका म्हणाले.

कॉर्पोरेटरच्या उमेदवाराला एकवीस वर्षं पूर्ण लागतात. मला महिन्याभरात होतात. मतदार यादीत माझं नाव आहे.

मी अर्ज भरणार आहे. काकांना म्हटलं, पुतण्यालाही कळवा.